अर्जवाले अण्णा आणि माझं एक वाक्य

“थांबा. आधी कशानंतर, ते सांगा.”

समोरचा माणूस तावातावानं बोलायला लागला, की अण्णा उजव्या हाताचं बोट उभं करत आणि एवढंच म्हणत. बेळगावातल्या कचेरीच्या कुंपणाला लागून पाच-सहा टंकलेखक बसत. त्यांतलं सगळ्यांत आतलं टेबल अण्णांचं. माणूस भाऊ, बांध, बैल आणि बायको हे सगळं एकदम सांगत असे. अण्णांचं बोट उभंच. “कशानंतर झालं? कशाच्या आधी? कुणाला न विचारता? काय करायच्या ऐवजी?” याची उत्तरं मिळाली की बोट खाली येई आणि टाइपरायटर सुरू होई.

“अण्णा, तुमचं आफ्टर-बिफोर हुईस्तवर माझी खानापूरची गाडी जाईल की ओ,” असं एखादी बाई कुरकुरे.

“जाऊ दे. मागनं दुसरी हाय. अर्ज चुकला तर दुसरा जन्म घ्यावा लागंल.”

मुलांनो, मागच्या महिन्यात तुम्ही फोनवर विचारलंत, की आजी, तू इंग्रजी शिकवायचीस म्हणजे नक्की काय शिकवायचीस? मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर द्यायचं तर मला या माणसाबद्दल लिहायला हवं, आणि ते लिहायला मला तीन आठवडे लागले.

एक गोष्ट आधी सांगते, ती तिकडे लांब राहून तुम्हांला कळायची नाही. आमच्या भागात कचेरीचा कारभार कन्नडात. खेड्यांतली पुष्कळ माणसं कन्नड बोलतात, पण लिहितात-वाचतात मराठी. मराठी अर्ज टेबलावरून पुढं सरकत नाही, असा त्यांचा अनुभव. मग मधला मार्ग म्हणून इंग्रजी. म्हणजे देणाऱ्याला वाचता येत नाही आणि घेणाऱ्याला वाचायचा कंटाळा, अशा भाषेत माणसं आपलं गाऱ्हाणं मांडतात. अण्णांचं पोट त्यावर चाले.

ते निपाणीकडचे, जैन. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही. तरुणपणी तिथल्या तंबाखूच्या वखारीत कारकून होते, टायपिंग तिथंच शिकले. बेळगावला आल्यावर आमच्या शहापुरात, मागच्या गल्लीत, एका विणकराच्या घरी दोन खोल्या घेऊन राहिले. नवरा-बायको दोघंच. खोलीच्या भिंतीपलीकडे माग चाले. अण्णा म्हणत, “त्येचं खटखट आणि माझं खटखट. बायको म्हणती, एकानं तरी साडी काढली.”

मी शाळेतून निवृत्त झाल्यावर एका रविवारी ते हातात आठवड्याभराच्या अर्जांच्या कार्बन कॉप्या घेऊन आले. “बाई, चुका काढा. भीड बाळगू नका.” तेव्हापासून दर रविवारी सकाळी येऊ लागले. मी लाल पेन घेऊन बसायची. बाकी इंग्रजी ठीक होतं, पण एका जागी त्यांचा पाय हमखास घसरे. ‘आफ्टर टु रीड’, ‘विदाउट टु आस्क’. मी सांगितलं, आफ्टर, बिफोर, विदाउट, बाय, फॉर, इन्स्टेड ऑफ असे शब्द आले आणि पुढं क्रियापद असलं, की त्याला ‘इंग’ लावायचं. आफ्टर रीडिंग. विदाउट आस्किंग.

त्यांनी दोन्ही उदाहरणं ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिली. मग म्हणाले, “म्हंजे आपलं उलटं. आपण ‘वाचल्यावर’ म्हणतो. ‘वर’ मागं. कन्नडातबी ‘ओदिद मेले’. ‘मेले’ मागं. आपली म्हस शेपटीनं माशी हाकतीय, इंग्रजी शिंगानं.”

इतकी वर्षं हा धडा शिकवून मला तो एवढा सोपा करता आला नव्हता.

एकदा एका वाकलेल्या विजेच्या खांबाबद्दलचा अर्ज होता. ‘कम बिफोर टु फॉल’ असं त्यांनी टाइप केलेलं. मी ‘बिफोर इट्स फॉलिंग’ केलं.

“म्हंजे खांब पडायच्या आधी विजेची माणसं यायची?”

“हो.”

“इंग्रजीत येतील बाई. खरोखर यायची न्हाईत.”

ते सगळे शब्द त्यांनी एका पुठ्ठ्यावर लिहून टाइपरायटरच्या झाकणाला आतून चिकटवले. तिथूनच ते प्रश्न निघाले. व्याकरणाचा धडा त्यांनी लोकांच्या हकिगती सरळ करायला वापरला. माझ्या वर्गातल्या एकाही हुशार मुलीला हे सुचलं नसतं.

आणखी एक रीत त्यांची होती. कागद तयार झाला की सही घेण्याआधी ते उठून उभे राहत आणि इंग्रजी मजकूर ओळीओळीनं मराठीत, नाहीतर कन्नडात, मोठ्यानं सांगत. शेजारचे टंकलेखक हसत. “बसा रं सगळी, अण्णांचं कीर्तन सुरू झालं!” अण्णा थांबत नसत. एकदा एक म्हातारा आपलाच अर्ज ऐकून खाली बसला आणि म्हणाला, “एवढं सगळं माझ्यासंगं झालंय व्हय?” अण्णांनी त्याला पाणी दिलं आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला.

आता माझ्या वाक्याबद्दल. संमतीपत्राच्या शेवटी काय लिहावं, असं त्यांनी एका रविवारी विचारलं. मी कागद ओढला आणि एका दमात लिहून दिलं, ‘आफ्टर रीडिंग अँड अंडरस्टँडिंग द अबव्ह, अँड विदाउट बीइंग फोर्स्ड बाय एनीवन, आय साइन धिस.’ वरचा मजकूर वाचून आणि समजून घेतल्यावर, कुणीही जबरदस्ती न करता, मी सही करत आहे. एका वाक्यात आफ्टर आणि विदाउट दोन्ही बसले होते. मला ते फार आवडलं. फळ्यावर लिहावं तसं लिहिलं होतं मी ते. खाली सही कोण करणार, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

पुढं टाइपरायटरला कुणी विचारेना. अण्णांनी जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेतला. रविवारचं येणं कमी झालं, कारण चुका कमी झाल्या. सगळे नमुने आत साठवलेले. नाव, गाव, गट नंबर बदलायचा की कागद बाहेर. माझं वाक्य प्रत्येक संमतीपत्राच्या तळाशी आपोआप येई. ते मला कौतुकानं सांगत, “बाई, तुमचा शेवटचा परिच्छेद जिल्ह्यात फिरतोय.”

शेवंता आमच्या गल्लीत आठवड्यातून दोनदा भाजी घेऊन येते. गुंजीजवळच्या खेड्यातली. रेल्वेनं येते, रेल्वेनं जाते. नवरा लवकर गेला, तेव्हापासून माहेरी. बापानं ओढ्याकाठची भाताची एक पट्टी तिला कसायला दिली होती, त्यावर तिचं आणि तिच्या मुलीचं चाले. बाप वारल्यावरही ती तीच पट्टी करत होती. एके दिवशी ती आली ती टोपली न उतरवताच म्हणाली, “आक्का, ह्यात काय लिवलंय बघा जरा. थोरला भाऊ म्हणतोय, ह्या वर्षापास्नं शेतात पाय ठिवायचा न्हाय, तू सोडलंयस. म्या काय सोडलंय?”

घडी घातलेली झेरॉक्स होती. वडिलांच्या जमिनीतला हिस्सा मी राजीखुशीनं दोन्ही भावांना सोडत आहे, असं वरच्या अर्ध्या पानात होतं. त्याच्या आधारावर उताऱ्यावर फक्त भावांची नावं चढणार होती. मग मी शेवटच्या परिच्छेदाशी आले. आपलं अक्षर जसं लांबून ओळखू येतं, तसं आपलं वाक्यही येतं.

“तू हे वाचलं होतंस?”

“मला कुठलं इंग्रजी, आक्का.”

“कुणी वाचून दाखवलं?”

“न्हाय. दादा म्हणाला, रेशन कार्डावरचं बाचं नाव बदलायचंय. मी झाडाखाली बसलोतो. त्यो कागद घेऊन आला, सही केली.” आणि वर म्हणाली, “सही मराठीत केली, नीट.”

“कुणाकडे केला हा कागद?”

“ते बोट वर करत्यात ते अण्णा.”

मी निरोप पाठवला. संध्याकाळी अण्णा आले, उभ्यानंच कागद वाचला आणि मग खुर्चीत बसले. त्यांना तो दिवस आठवत होता. मला वाटलं होतं, शेकडो कागदांत आठवणार नाही. 

“पौषातली गोष्ट. माझं एकाशन होतं, बाई. दिवसात एकदाच जेवायचं, तेबी सूर्य मावळायच्या आत. दुपार गर्दीत गेली. हा गडी साडेपाचला आला. मी विचारलं, बहीण कुठाय? त्येनं झाडाकडं हात केला. म्हणाला, तिला सगळं म्हाईत हाय, तुम्ही फकस्त नावं घाला. मी घातली. कागद त्येच्या हातात दिला, त्यो जाऊन सही घेऊन आला. आणि मी डबा उघडला.”

आणि पुन्हा म्हणाले, “डबा उघडला, बाई, मी.”

“वाचून दाखवायचं कधी सोडलंत?” मी रागावले होते.

“सोडलं असं न्हाई. टाइपरायटरवर शब्द अन् शब्द हातातनं जायाचा. माणसाला इचारल्याबगार पुढं सरकताच यायचं न्हाई. ह्यात सगळं आधीच लिवल्यालं. कधी वाचून दाखवायचं, कधी ऱ्हायचं.”

“ते वाक्य माझं आहे, अण्णा.”

“वाक्य चांगलंच हाय. खोट्या जागी मी लावलं.”

शेवंताला खानापूरच्या कचेरीत हरकत द्यायची होती. पण तिच्या बाजूनं होतं काय? तिचा शब्द, आणि समोर दोन भाऊ, सही केलेला कागद. तिला कागद वाचून दाखवला गेला नाही, हे खरं सांगू शकेल असा तिच्याखेरीज जगात एकच माणूस होता. मी म्हटलं, “तुम्ही लिहून द्या.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “बाई, हे लिवून दिल्यावर उद्या माझ्या टेबलाशी कोण येणार? अण्णा न वाचता कागद देतोय, असं अण्णानंच लिवून दिलंय म्हणतील. माझे आजवरचे सगळे कागद लोक उकरून काढतील. साठीच्या पुढं मी दुसरं काय करू? परत वखारीत जाऊ?”

ते चहा न घेता गेले. पुढचे दोन रविवार आले नाहीत. शेवंता तिसऱ्यांदा विचारून गेली. पेरणी जवळ येत होती.

ते दिवस मला बरे गेले नाहीत. मी अण्णांवर रागावत होते आणि मनात हेही होतं, की त्यांनी काही लिहून दिलं नाही तर माझं वाक्यही तसंच झाकलेलं राहील. हे तुम्हांला सांगायला मला लाज वाटते, पण सांगायचं ठरवलं आहे. त्याच आठवड्यात तू, धाकट्या, माझ्या फोनवर काहीतरी बसवून द्यायला लांबून सूचना देत होतास. ‘वाचलं, मान्य आहे’ अशी चौकट आली. मी वाचायला चष्मा शोधू लागले, तर तू हसून म्हणालास, “आजी, ते कुणीच वाचत नाही, टिक कर.” मी फोन खाली ठेवला. तुला वाटलं, मी कंटाळले.

तिसऱ्या आठवड्यात, शेवंताच्या भाजीच्या दिवशी, सकाळी अण्णा आले. हातात दोन पानं. “चुका काढा,” म्हणाले. मी लाल पेन घेतलं. सवयीनं नजर त्याच जागांवर गेली. एकही चूक नव्हती. तसं सांगितलं तर म्हणाले, “आता चुकून कसं चालंल.”

शेवंता टोपली उतरवत होती. अण्णा आमच्या पायरीवर उभे राहिले आणि पूर्वीसारखं ओळीओळीनं मराठीत सांगू लागले. “हा कागद मी या बाईंना वाचून न दाखवता तयार केला. त्यांना एक शब्द न विचारता नावं घातली. सही माझ्यासमोर झाली न्हाई. मला जेवायची घाई होती, सूर्य मावळत होता…”

शेवंता पदर तोंडाशी धरून ऐकत होती. मध्येच म्हणाली, “घाईचंबी लिवलंय?”

“लिवलंय.”

“ते काढा की ओ अण्णा. लोक हसतील तुम्हांला.”

“हसू देत.”

“मग नुसतं घाई म्हणा. जेवणाचं कशाला काढायचं?”

“नुसत्या घाईवर कोण इश्वास ठेवंल? कशाची घाई, ते सांगाय पायजे.” त्यांनी उरलेलं पान वाचलं. मग शेवंताला विचारलं, “समजलं का, बाई?”

“समजलं.”

“काय राहिलंय?”

शेवंतानं विचार केला. “मी झाडाखाली हुतो, हे घाला.”

अण्णांनी पेननं समासात तेवढं घातलं, तेही तिला वाचून दाखवलं आणि मग सही केली.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. कचेरीनं शेवंताची हरकत नोंदवून घेतली आणि भावांच्या नावांची नोंद तूर्त थांबवली. निकाल कोर्टात लावा म्हणून सांगितलं. धाकट्या भावानं त्या वर्षी तिला पट्टीत रोप लावू दिलं. थोरला बोलत नाही. तो उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत, फाउंड्रीत कामाला. एका दुपारी सुट्टी काढून अण्णांच्या टेबलाशी आला आणि सगळ्यांदेखत त्यांना नको ते बोलला. “उपासतापास करतोय म्हणं! आमच्या घरात भांडाण लावून कसला धर्म करतोस रं म्हाताऱ्या?” अण्णा बोट वर न करता ऐकत राहिले, असं शेजारच्या टंकलेखकानं मला सांगितलं. तो मात्र त्यांच्यावर जास्तच चिडला होता. “बाई, एकट्याला खरं बोलायचं सुचलं. आमचे कागद आता कोण खरे मानंल?”

माणसं येईनाशी झाली. काहीजण जुने कागद घेऊन आले आणि विचारू लागले, “अण्णा, हे तरी वाचलं हुतं का?” दोन महिन्यांत टेबल उठलं. त्या जागी आता झेरॉक्सवाला बसतो.

टेबल उठल्यावर अण्णा घरी बसून असतील, असं मला वाटलं. त्यांची बायको एकदा देवळाच्या वाटेवर भेटली, तेव्हा म्हणाली, “कुठं जात्यात म्हाईत न्हाई बाई. सकाळी पिशवी घेऊन जात्यात, सूर्य मावळायच्या आत येत्यात. काम हुडकत असतील.” मलाही तेच वाटलं. जाऊन विचारायला हवं होतं, ते मी केलं नाही. आमच्यात काहीतरी अवघडलं होतं. त्यांच्यासमोर गेले की मला माझं वाक्य आठवे आणि कदाचित त्यांनाही.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. त्यांच्या भावानं निपाणीला नेलं. तिथंच गेले. मला कळलं तेव्हा दिवस होऊन गेले होते.

खोल्या रिकाम्या करायला त्यांची बायको आली, तेव्हा मी गेले. भिंतीपलीकडे माग चालू होता. तिनं ट्रंकेतून एक शंभर पानी वही काढून माझ्या हातात दिली. “तुमच्याकडं द्या म्हणालते.”

घरी येऊन मी वही उघडली. कॉम्प्युटर घेतल्यापासून माझ्या त्या परिच्छेदाखाली ज्यांच्या ज्यांच्या सह्या झाल्या, त्यांची नावं आणि गावं अण्णांनी कॉम्प्युटरातल्या प्रतींवरून उतरवून काढली होती. त्यांतली वाचून दाखवलेली कोणती आणि न दाखवलेली कोणती, हे आठवत नव्हतं म्हणून सगळीच. कामाच्या शोधात नव्हते ते. बसनं, रेल्वेनं, चालत, एकेका गावी जाऊन ते एकेकाला त्याचा कागद वाचून दाखवत होते. नावापुढे बरोबरची खूण आणि त्यापुढे बारीक अक्षरात दोन-चार शब्द. ‘वाचून दाखवलं. म्हणाले, बरोबर हाय, चहा घ्या.’ ‘वाचून दाखवलं. शिव्या दिल्या.’ ‘वारले. सुनंला वाचून दाखवलं.’ ‘वाचून दाखवलं. रडली. वकिलाचा पत्ता दिला.’ बहुतेक कागद खरेच होते, असं त्या टिपणांवरून दिसतं. बहुतेक, सगळे नव्हेत.

अर्ध्याहून अधिक पानांवर खुणा आहेत. पुढची नावं नुसतीच आहेत. मी रोज दोन-दोन पानं वाचते. खुणा संपतात तिथं नंदगडच्या एका बाईचं नाव आहे. खूण नाही, पण पुढं पेन्सिलनं लिहिलंय,

‘दोनदा गेलतो. घराला कुलूप. शेजारीण म्हणती, शेतात असत्यात. परत जायाचं.’